फुस्तातचे कागद मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

३ जून २०२४

मी मोडी वाचते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं, लोकांच्या ट्रंकेतून निघालेले पिवळे कागद. मागच्या हिवाळ्यात कुणबी नोंदींच्या धामधुमीत चार महिने रजिस्टरं वाचून डोळे आंबले, तेव्हाच ठरवलं होतं की यानंतर काहीतरी लांबचं वाचायचं. लांबचं म्हणजे जुन्या कैरोतलं, फुस्तातचं.

तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक कोंदट खोली होती. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, म्हणून हिब्रू अक्षरांतलं जीर्ण झालेलं सगळं त्या खोलीत नेऊन टाकायचं, असा रिवाज. अशा खोलीला गेनिझा म्हणतात. लोकांनी पोथ्यांबरोबर लग्नाचे करार, कोर्टाच्या नोंदी, उधारीच्या चिठ्ठ्या, मालाच्या याद्याही टाकल्या. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचा अभ्यासक सॉलोमन शेख्टर याने त्यातले सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. बाकीचे जगभरच्या ग्रंथालयांत विखुरले. बहुतेक मजकूर धार्मिक आहे. मला हवे ते व्यवहाराचे कागद त्यामानाने थोडे, आणि त्यातले बरेचसे ११ व्या ते १३ व्या शतकातले.

बेत असा: २० कागद, २ महिने. कागदांचे फोटो ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर फुकट दिसतात. आधी स्वतः वाचायचं, मराठी करायचं, आणि मगच अभ्यासकांचं छापील वाचन उघडून ताडायचं. उत्तरं आधी बघायची नाहीत.

(नंतरची भर: पाच महिने लागले. कागद झाले अकरा.)

९ जून

बावीस अक्षरं. शब्दाच्या शेवटी आली की त्यातली पाच वेगळी दिसतात. तक्ता फ्रीजवर चिकटवला, तीन दिवसांत पाठ झाला, मला फार हुशार वाटलं. चौथ्या दिवशी खरा कागद उघडला आणि एक ओळ लागेना.

छापील अक्षर आणि फुस्तातच्या कारकुनाचं अक्षर यांत बालबोध आणि घसीट मोडीइतकं अंतर आहे. दालेत आणि रेश, बेत आणि काफ, हे आणि हेत यांत मी अजूनही फसते. वाव, झायिन आणि शेवटचा नून या तिन्ही उभ्या काड्याच, फक्त लांबी वेगळी. मोडीत निदान कलम उचलायचं नाही हा एक नियम तरी आहे. इथे घाईत असलेला माणूस वाटेल तिथे जोडतो.

कामी आलेली युक्ती: तक्ता फाडला आणि ज्या कागदावर काम चालू आहे त्याच हाताची अक्षरं कापून नवा तक्ता केला. प्रत्येक अक्षराचे पाच-सहा नमुने. कारकून बदलला की तक्ता बदलायचा. प्रिंटला ३४० रुपये गेले, ते वसूल झाले.

२१ जून

बारा दिवस पाण्यात.

पहिला कागद म्हणून एक व्यापारी पत्र घेतलं होतं. अक्षरं बऱ्यापैकी लागली, मग हिब्रू शब्दकोश घेऊन बसले. सुरुवातीलाच वाव, त्सादी, लामेद. कोश म्हणतो ‘त्सेल’ म्हणजे सावली, आणि आधीचा वाव म्हणजे ‘आणि’. म्हणून लिहिलं: ‘आणि सावली’. पुढचा शब्द कोशात नाही. त्यापुढचाही नाही. मी समजले, कवितेचा माणूस दिसतोय, पत्राची सुरुवात सावलीने करतोय. अशा नऊ ओळी केल्या. एका ओळीला अर्थ नव्हता, पण कवितेला नसतोच, असं म्हणून पुढे जात राहिले.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या बेने इस्राएली आजींकडे गेले. त्या प्रार्थना हिब्रूतून वाचतात. चष्मा लावून त्यांनी माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने अक्षरं म्हटली आणि थांबल्या.

“हे आमचं नाही गं. अक्षरं आमची, बोली कुणाची तरी.”

बोली अरबी. ‘वसल किताबक’, म्हणजे तुझं पत्र पोहोचलं. सावली नाही, कविता तर नाहीच. अशी हजार पत्रं ‘आपले पत्र पावले’नेच सुरू होत असतील. हे लोक अरबी बोलत आणि ती हिब्रू अक्षरांत लिहीत, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि हाताखाली ओळखणं या दोन गोष्टी आहेत. गोव्यातली रोमी कोंकणी वाचायला कुणी इंग्रजी डिक्शनरी उघडावी, तसं मी केलं.

पुढे येणाऱ्यांसाठी: पत्र आणि हिशेब बहुधा अरबीत, लग्नाचा करार आणि सोडचिठ्ठी आरमाईकमध्ये (हिब्रूच्या नात्यातली जुनी भाषा), आणि मध्येच आशीर्वाद हिब्रूत. एकाच कागदात तिन्ही भेटतात. कोश उघडण्याआधी पहिल्या दोन ओळींत ‘अलेफ-लामेद’ने सुरू होणारे शब्द मोजा. पुष्कळ असले की अरबी.

२ जुलै

अरबीला अठ्ठावीस अक्षरं, हिब्रूला बावीस. सहा अक्षरांची तूट टिंब देऊन भरतात, आणि लिहिणारा टिंब द्यायचं विसरतो. त्यामुळे एकाच गिमेलचा ‘ज’ही होतो आणि ‘ग’ घशातून काढला तर जो होतो तोही. सगळा खेळ संदर्भाचा. मोडीवाल्यांना हे सांगायला नको, आपण ऱ्हस्व-दीर्घावाचूनच वाढलो.

आज मात्र पहिल्यांदा मजा आली. एका हिशेबात रक्कम अक्षरी होती आणि मी ती कोशाशिवाय वाचली: सलासीन. तीस! मग अर्बैन, खमसीन, मया. हे तर आपल्या सुहूर सनातले आकडे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा म्हणत पेशवाई कागदांच्या तारखा फोडणाऱ्या कुणालाही फुस्तातच्या दुकानदाराचा अक्षरी हिशेब वाचता येईल. इतकी वर्षं आपण अरबी आकडे मोजतो आहोत हे कधी जाणवलंच नव्हतं.

सावध राहायचं ते इथे: सुहूर सनात एकं आधी आणि अलफ शेवटी. करारांतली तारीख आरमाईकमध्ये असते आणि तिथे हजार आधी येतो. आणि आकडे अक्षरी नसून चिन्हांत असले, तर ती कॉप्ट लोकांची, म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांची, आकडेचिन्हं असू शकतात. तसा एक हिशेब मी दोन संध्याकाळी उलटासुलटा करून बाजूला ठेवला आहे. वीसातला एक गळाला.

१४ जुलै

तारखांचा घोळ. सात कागदांच्या तारखा काढल्या होत्या, त्यातल्या चार चुकल्या.

या कागदांवर सन असतो तो सेल्युकस राजाचा, इसवी सनापूर्वी ३१२ पासूनचा. ते त्याला ‘शतारोत’चा म्हणजे दस्तऐवजांचा सन म्हणत. नाव मला फारच आवडलं. आपण शकात ७८ मिळवतो, फसलीत ५९० मिळवतो, तसं इथे ३११ वजा करायचे, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि सरसकट वजा करत सुटले.

पण वर्ष सुरू होतं तिश्री महिन्यापासून, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ३१२ वजा करायचे, जानेवारीपासून पुढे ३११. सापडलं कसं? अब्राहम बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याने मंगळूरला केलेला एक दस्त आहे. सन १४४४. माझ्या वहीत तो ऑक्टोबर ११३३ चा निघाला. सगळे अभ्यासक म्हणतात १७ ऑक्टोबर ११३२. क्षणभर वाटलं की सगळ्या जगाची चूक मी पकडली. असं वाटलं की आधी आपली वही तपासावी. सुहूर सन मृगाला बदलतो म्हणून आपण जून उजाडला की जपून असतो. तीच सवय इथे का लावली नाही, देव जाणे.

२८ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण आज तीन आठवड्यांच्या चुकीचा उलगडा झाला.

कोर्टाच्या एका कागदात वाक्य आहे: आम्ही त्याच्याकडून विकत घेतलं. शब्द ‘कनीना’. दोन साक्षीदार म्हणतात, आम्ही विकत घेतलं. काय विकत घेतलं ते कुठेच नाही. कागद कर्जाच्या कबुलीचा. मी आख्खा मजकूर खालून वर चाळला, मागची बाजू पाहिली. वाटलं, मालाचं नाव फाटलेल्या कोपऱ्यात गेलं. तशी तळटीपही लिहून टाकली. मग दुसऱ्या कागदात तेच वाक्य. तिसऱ्यातही. तिन्ही कागदांचा नेमका तोच कोपरा कसा फाटेल?

विकत काहीच घेतलेलं नाही. हा विधी आहे. करार करणाऱ्याने साक्षीदारांसमोर एक कापड, रुमाल, हातात धरायचा. तो धरला की शब्द बांधला गेला. यहुदी लग्नात केतुब्याच्या, म्हणजे लग्नाच्या कराराच्या सह्यांआधी नवरा आजही रुमाल धरतो. ‘कनीना’ म्हणजे ती क्रिया झाल्याची नोंद. उद्या कुणी परदेशी माणसाने आपल्या दानपत्रातलं ‘उदक सोडले’ वाचलं आणि जमिनीवर कालवा काढला असं भाषांतर केलं, तर आपण हसू. मी तेच केलं होतं.

मराठीत काय लिहायचं यावर दोन दिवस घालवले. ‘करार पक्का केला’ म्हटलं तर रुमाल जातो. शेवटी ‘रुमाल धरवून कबुली घेतली’ ठेवलं. तळटीप नको, वाक्यातच कळतं.

याच कागदाने दुसरा धडाही दिला. सह्यांच्या अगदी वर एक रटाळ ओळ होती: अमुक ओळीच्या वर लिहिलेला अमुक शब्द ग्राह्य आहे, आणि पुढे ‘शरीर वेकय्याम’. खाडाखोडीचा हिशेब समजून मी ती गाळली होती. मूर्खपणा. तीच ओळ कागदाचं कुलूप आहे. ओळींमध्ये घुसवलेला किंवा खोडलेला प्रत्येक शब्द शेवटी कारकून स्वतः नोंदवतो, त्यानंतर ‘दृढ आणि कायम’ एवढे दोन शब्द, मग साक्षीदार. म्हणजे नंतर कुणी ‘नाही’ खोडून ‘होय’ केलं तर पकडलं जाईल. पेशवाई कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना शेवटचा ‘लेखनसीमा’चा शिक्का आठवेल. काम तेच: इथे मजकूर संपला, पुढचं खोटं. मोह झाला की भाषांतरातही ‘लेखनसीमा’ लिहावं. नाही लिहिलं. तो आपल्याकडचा शिक्का, तिथे शिक्का नाही, शब्द आहेत. ‘दृढ व कायम’ असंच ठेवलं.

ही रटाळ ओळ मी आधीच्या चार कागदांतही गाळली होती. परत जाऊन भरली. दहा तास.

जाता जाता: हे कागद ज्याच्या हातचे आहेत तो हाल्फोन बेन मेनाशे, फुस्तातच्या कोर्टाचा कारकून. ११०० ते ११३८ या काळातले त्याचे दस्त मिळतात, तेही ढिगाने. एकदा त्याचं वळण ओळखू यायला लागलं की काम दुप्पट वेगाने होतं. नवशिक्याने त्याच्यापासूनच सुरुवात करावी, मी उगाच पत्रांत शिरले.

१८ ऑगस्ट

आज पैशांचं. एका केतुब्यात नवऱ्याने काही दिनार लगेच द्यायचे आणि बाकीचे नंतर, म्हणजे घटस्फोट किंवा मृत्यू झाला तर. शिवाय वधूने माहेरून आणलेल्या चीजवस्तूंची यादी, वस्तूवार किमतीसह. कानातली, चादरी, तांब्याची भांडी. वाचकाला अंदाज यावा म्हणून मी दिनाराचे रुपये केले. दिनार सव्वाचार ग्रॅम सोन्याच्या आसपास, ऑगस्ट २०२४ च्या भावाने तीस हजारांच्या घरात. सगळी यादी रुपयांत केली आणि भावाला दाखवली. तो म्हणाला, “ताई, चादर एवढ्याची?”

बरोबर आहे. सोन्याचा भाव तेव्हाचा नाही आणि कापडाचाही नाही. रुपये काढून टाकले. त्याऐवजी सुरुवातीला एकच ओळ घातली: गेनिझाचे अभ्यासक गोइटाइन यांच्या हिशेबाने साध्या कुटुंबाचा महिना दोन दिनारांत निघे. आणि एका दिनाराचे चोवीस किरात. एवढ्यावर वाचक स्वतः मोजतो.

शब्दांतही गाडी अडली. भागीदारी मोडल्यावर दोघं एकमेकांना लिहून देतात की आता तुझ्याकडे माझं काही येणं नाही. मोडी कागदांत याला फारखती म्हणतात, म्हणून तोच शब्द घातला. तो कागद वाचून आमच्या वाचन गटातल्या एकीने विचारलं, दोन पुरुषांची फारकत कशी? बोलण्यात फारकत म्हणजे काडीमोडच. आता असं ठरवलं: भागीदारीतली ती ‘बेबाकीची फारखती’, नवराबायकोची ती ‘सोडचिठ्ठी’. हे दोन्ही शब्द कुठेही एकमेकांच्या जागी येऊ द्यायचे नाहीत. शोधून बदलायला एक दुपार.

‘वकील’चंही तसंच. कागदात ‘वकीलुत्तुज्जार’ आहे, व्यापाऱ्यांचा वकील. तो कोर्टात भांडणारा नव्हे. परगावच्या व्यापाऱ्यांचा माल आणि कज्जे सांभाळणारा त्यांचा प्रतिनिधी. पेशव्यांचा वकील दिल्लीत असे, त्या अर्थाने शब्द चोख बसतो, पण आजच्या वाचकाला काळा कोट दिसतो. ‘व्यापाऱ्यांचा मुखत्यार’ केलं.

५ सप्टेंबर

एडनहून बेन यिजूला मंगळूरला आलेली पत्रं सुरू केली. लिहिणारा मदमून, एडनच्या व्यापाऱ्यांचा म्होरक्या. मालाच्या याद्याच याद्या. आणि याद्यांत ओळखीची माणसं भेटावीत तसे शब्द भेटत गेले.

मिरी, लोखंड मोजायचं ते ‘बहार’ मापात. हा आपला भारच आहे, संस्कृतातून तिकडे गेलेला. एक बहार म्हणजे तीनशे ‘रत्ल’. रत्ल म्हणजे रत्तल, आजोबांच्या दुकानात साखर ज्या मापाने मिळे ते. सुपारीला शब्द ‘फूफल’. मोठ्याने म्हणून बघा: पोफळ. पूगफळ अरबी तोंडातून गेलं की असं होतं. आणि जहाजवाला तो ‘नाखुदा’.

नाखुद्याला आधी ‘कप्तान’ लिहिलं होतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांना सहज विचारलं तर ते म्हणाले, “होडी चालवतो तो तांडेल. जिची होडी तो नाखवा.” पत्रांतला नाखुदा बहुतेक ठिकाणी जहाजाचा मालक असतो किंवा मालकाच्या वतीचा. कप्तान हा शब्द त्याला लहान पडतो. ‘नाखवा’ केलं. शब्दकोशांत आठवडा घालवूनही मिळालं नसतं ते मासळी घेता घेता मिळालं.

पण रत्तलाने दगा दिला. मी प्रत्येक भाराचे किलो करून कंसात लिहिले, आजोबांचा इंग्रजी रत्तल धरून. रत्ल गावागणिक आणि मालागणिक बदलतो. सगळे कंस काढले. ओळखीचा शब्द भेटला की मी लगेच त्याला माझ्या घरचा समजते, ही या कामातली माझी कायमची खोड.

आणखी दोन गमती. एक म्हणजे ‘सुफ्तजा’: इथे पैसे भरायचे, तिथल्या पेढीवर उचलायचे, आणि उशीर झाला तर दिवसागणिक दंड. याला हुंडीशिवाय दुसरा शब्द शोधायचा कशाला? हुंडी लिहिलं, निवांत झोपले. दुसरी, ११४० च्या दशकातल्या बोटभर चिठ्ठ्या: अमक्याला इतके द्या. प्रत्येकीच्या माथ्यावर एकटा शब्द, ‘एमेत’. मी तो पैसे घेणाऱ्याचं नाव समजले. या एमेतला किती ठिकाणांहून पैसे मिळतात याचा तक्ताही केला! एमेत म्हणजे सत्य. आपण कागदाच्या माथ्यावर श्री घालतो तसा. श्रीला कुणी सावकार समजलं तर तो भारतातला सर्वांत श्रीमंत माणूस ठरेल.

२२ सप्टेंबर

तांत्रिक रडगाणं, पण पुढच्यांच्या उपयोगाचं. हिब्रू उजवीकडून डावीकडे, देवनागरी डावीकडून उजवीकडे. एकाच परिच्छेदात दोन्ही टाकलं की संगणक आपल्या मनाने क्रम लावतो. पडद्यावर ठीक दिसलं, छापून आणलं तर कंस उलटे, आकडे ओळीच्या दुसऱ्या टोकाला. ४२ पानं रद्दी, ८६० रुपये. इलाज साधा निघाला: तक्त्याचे दोन रकाने, एकात हिब्रू अक्षरं, दुसऱ्यात मराठी. एका रकान्यात दोन्ही लिप्या नाहीत. आणि छापण्याआधी पीडीएफ करून बघायचं.

१३ ऑक्टोबर

मंगळूरचा दस्त. जुलैत ज्याच्या तारखेवरून तोंडावर आपटले तोच. मी तो माझ्या फोल्डरात ‘सोडचिठ्ठी’ म्हणून ठेवला होता, कारण आरमाईक शब्दरचना जवळपास तीच वाटली: आजपासून तू मोकळी, तुझ्यावर कुणाचा हक्क नाही. चौथ्या वाचनात कळलं की हा नवऱ्याने बायकोला दिलेला कागद नव्हे. मालकाने दासीला दिलेला आहे. तिचं नाव अशू. बेन यिजूने तिला मुक्त केलं आणि तिचं नवं नाव झालं बेराखा, अब्राहमची मुलगी (हा अब्राहम बेन यिजू नव्हे, यहुद्यांचा मूळपुरुष). यहुदी कायद्यात दोन्ही दस्तांना शब्द एकच आहे, ‘गेट’. त्यामुळे माझी चूक अगदीच बिनबुडाची नव्हती. फोल्डर मात्र बदललं.

अडलं ते ‘दासी’पाशी. पेशवाई कागदांत विकत घेतलेल्या बाईला ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीने ‘कुणबीण’ अगदी नेमका. पण आजच्या दिवसांत, आणि तोही मी, जिने चार महिने कुणबी नोंदी वाचल्या, तो शब्द लिहिणं शक्य नाही. लोक भलतंच वाचतील. ‘बटीक’ आता शिवी झाली आहे. ‘गुलाम’ला स्त्रीलिंग धड नाही. ‘दासी’ देवळातली वाटते, तरी तोच ठेवला. समाधान नाही.

दस्ताला ‘सुटकापत्र’ म्हटलं. अशा दस्ताचा गाभा काय असावा ते मिश्नात, यहुदी कायद्याच्या जुन्या ग्रंथात, एका ओळीत दिलं आहे. मी आधी भाषांतर केलं: तू स्वतंत्र स्त्री आहेस, तू स्वतःच्या मालकीची आहेस. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी हिब्रू ओळ मनाशी दोनदा म्हटली आणि म्हणाल्या, “एवढं लांब कशाला? तू तुझी. झालं.”

‘तू मोकळी, तू तुझी.’ तसंच ठेवलं आहे.

बेन यिजू मंगळूरला ११४९ पर्यंत राहिला, पितळ-काशाची भांडी करण्याचा कारखाना चालवला, मुलं झाली. त्या मुलांची आई अशूच, असा अभ्यासकांचा कल आहे. पण ते या दस्तात नाही, म्हणून भाषांतरातही नाही.

१० नोव्हेंबर

अकरावा कागद, आणि याच्यासाठीच बहुधा मी हे सगळं सुरू केलं होतं, फक्त तेव्हा माहीत नव्हतं.

पत्र महरूझ नावाच्या नाखव्याचं, मंगळूरहून. मेहुणा अबू झिक्री कोहेन समुद्रात चाच्यांच्या हाती सापडला, लुटला गेला आणि जीव वाचवून भडोचला पोचला आहे. महरूझ त्याला लिहितो, मंगळूरला ये. आणि सोनं लागलं तर नाखवा तिन्बूकडून माझ्या नावावर उचल. तिन्बू कुठे असतो? ‘ताना’ला.

ताना म्हणजे ठाणे. मी ठाण्यात बसूनच हे वाचते आहे. अलेफ घालून लिहिलेलं ते नाव पडद्यावर मोठं करून बराच वेळ बघत बसले. मग तिन्बू नावावरून त्याची जात-गाव काढायचा उद्योग सुरू केला, अर्ध्या तासाने स्वतःलाच दटावून थांबवला.

तिन्बूबद्दल महरूझ लिहितो की त्याच्या-माझ्यात न तुटणारी मैत्री आणि बंधुत्व आहे. पहिल्या खर्ड्यात मी काय लिहिलं होतं? ‘न तुटणारी मैत्री आणि भाऊबंदकी’. घाईत सुचला, ठसकेबाज वाटला, ठेवला. शेवटच्या वाचनापर्यंत टिकला. ज्याच्या भरवशावर मेहुण्याला सोनं उचलायला पाठवायचं त्याच्याशी भाऊबंदकी असती तर मेहुणा मंगळूरला पोचलाच नसता. आता ‘बंधुभाव’ आहे. थोडा शाळेतल्या फळ्यावरचा वाटतो, पण माणूस सोनं देईल.

आजींना पत्र पूर्ण वाचून दाखवलं. चाचे, लूट, सुटका सगळं शांतपणे ऐकलं. ठाणे आलं तशी म्हणाल्या, “मग घेतलं का त्याने सोनं?”

पत्रात पुढे ते नाही.

१७ नोव्हेंबर

हिशेब. तास २६०च्या आसपास, त्यातले निदान ९० चुका निस्तरण्यात. खर्च: प्रिंट १,२००, रद्दीतली पानं ८६०, जुना अरबी कोश टपालासह २,३५०. अकरा कागद तयार: पाच कोर्टाचे, दोन केतुबे, तीन पत्रं, एक सुटकापत्र. कॉप्टिक आकड्यांचा हिशेब अजून तसाच पडून आहे.

आता जोसेफ लेब्दीचा खटला घेतला आहे. १०९७ च्या हिवाळ्यातला, हिंदुस्थानच्या सफरीच्या मालावरून फुस्तातच्या कोर्टात चाललेला. या वेळी नवा तक्ता आधी कापला, ३१२ वहीच्या कव्हरवर लाल शाईने लिहिले, आणि सह्यांच्या वरची ओळ पहिल्यांदा वाचली. तिच्यात दोन शब्द ओळीवर लिहिलेले ग्राह्य धरले आहेत. त्यातला एक लागला. दुसऱ्यावर डाग आहे.